चिमणी आणि ब्रॅम्बल बेटावरचा उंदीर

आज दिवसभर वाचनात दोनच प्राणी होते: एक आपली घरचिमणी आणि दुसरा मेलोमिस नावाचा उंदीर, जो नामशेष झाल्याचे ऑस्ट्रेलिया सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केले. चिमणी हुशार म्हणून टिकली आणि उंदीर दुबळा म्हणून संपला, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण मला ते पटत नाही.

चिमणीची हुशारी मात्र नाकारता येत नाही. न्यूझीलंडमधील एका बसस्थानकात चिमण्या स्वयंचलित दाराच्या सेन्सरसमोर फडफडत, दार सरकले की आत उपाहारगृहात शिरत आणि काम झाले की तसेच दार उघडवून बाहेर पडत, अशी नोंद आहे. तरीही अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या खंडांवर ती स्वतःच्या पंखांनी पोहोचलेली नाही; एकोणिसाव्या शतकात माणसानेच तिला तेथे नेऊन सोडले. तिचे खरे भांडवल म्हणजे माणसाचा शेजार.

मेलोमिसच्या वाट्याला सगळे जग मिळून ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीतील ‘ब्रॅम्बल के’ हे एकच बेट आले होते. हे प्रवाळी वाळूचे बेट जेमतेम चार-पाच हेक्टरांचे, आणि भरतीच्या रेषेपासून त्याची उंची सुमारे तीन मीटर. तेथे उगवणाऱ्या घोळीसारख्या रसाळ पाल्यावर हा उंदीर जगत असे. वादळांबरोबर समुद्राचे पाणी वारंवार आत शिरू लागले आणि २००४ ते २०१४ या दहा वर्षांत बेटावरची सुमारे ९७ टक्के हिरवळ नाहीशी झाली. अन्न गेले, आडोसा गेला, आणि पळून जायला दुसरी जमीन नव्हती. अशा ठिकाणी चिमणीची हुशारी तरी काय कामाची होती?

मला अधिक अस्वस्थ केले ते कागदपत्रांनी. या उंदराच्या संवर्धनाचा आराखडा २००८ मध्ये तयार झाला होता, आणि आराखड्याच्या मुदतीत हवामानबदलाचा त्याच्या अस्तित्वावर मोठा परिणाम होण्याची शक्यता नाही, असे त्यातच म्हटले होते. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, तो शेवटचा दिसला. २०१४ मध्ये काही उंदीर पकडून बंदिवासात त्यांची पैदास करण्याच्या तयारीने संशोधक बेटावर उतरले, सापळे लावले, कॅमेरे बसवले. एकही उंदीर सापडला नाही.