कपाट भंगारात देण्याआधी त्याचे पाय बघा

आम्ही ऐरोलीला खाडीच्या बाजूला राहतो, इथे लोखंडी वस्तूला गंज चढायला काही फार वर्षं लागत नाहीत, दमट हवा आणि त्यात खारं वारं. सासूबाईंचं लग्नातलं कपाट आहे, जाड पत्र्याचं, आत लॉकर, दाराला आरसा. बाजूच्या काकू म्हणाल्या, अगं देऊन टाक भंगारवाल्याला. म्हटलं काकू, असा पत्रा आता कुठे मिळतो, मी रंगवणार आहे.

गंजाची सुरुवात बहुतेक वेळा पायापासून होते, कारण रोज लादी पुसताना पाणी तिथंच लागतं आणि पायाच्या रबरी बुटात साचून राहतं. आमच्या कपाटाचे बूट काढले तर आत तपकिरी चिखल, आणि पत्र्याचे पापुद्रे नखाने निघत होते. वरून रंग धड दिसतो तिथेही अंगठ्याने दाबून बघा, फुगलेलं लागलं तर खाली गंज आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून रंगाला आतून उचलतो, त्यामुळे त्याच्यावरच नवा रंग फासला तर पैसे गेलेच समजा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर नको हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, कपाट त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही, वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा सँडपेपर, ओला करून घासायचं, साधा कापडी नाही तर चांगला एन-95 मास्क लावायचा, आणि लहान मुलं, गरोदर बाई घरात असेल तर हे काम घरात करूच नका.

सुटे पोपडे पत्रीने (रंग खरवडायच्या पट्टीने) काढले, मग गंजावर वायर ब्रश, तोही पाणी मारून, मग 120 नंबरचा पेपर, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. खोल खड्ड्यातला गंज ब्रशने निघत नाही, तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं, हातमोजे घालून, गंज काळपट होऊन बसतो. स्क्रू आणि कड्या गरम पाण्यात लिंबूफूल टाकून रात्रभर ठेवल्या, सकाळी ब्रश मारला की स्वच्छ, पण लगेच धुवून कोरड्या करायच्या.

घासलेलं लोखंड उघडं ठेवू नका. आपल्या हवेत रात्रीतून त्याच्यावर परत नारिंगी झाक येते, म्हणून कोरडं करून टर्पेंटाइनने पुसलं आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) हात मारला. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये, दिवाळीनंतर बरं. खड्डे लांबी (पुट्टी) भरून घासले, मग मेंदी रंगाच्या इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये 400 नंबरने अगदी हलकं घासून. जाड हात मारला की ओघळ येतात आणि वरून सुकलं तरी आतून मऊ राहतं. पाय पोकळ असतात, त्यांच्या आतूनही प्रायमर फिरवा, तिथे कुणी लक्षच देत नाही.

आणि हो, रंग हाताला लागत नाही म्हणजे पूर्ण सुकला असं नाही. दारं काही दिवस उघडीच ठेवा, घाईने लावली तर चौकटीला चिकटतात आणि उघडताना कडेचा रंग सोलून येतो.