देवळाली कॅम्पचा एक कप चहा

नाशिकचे पहिले दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत. त्र्यंबकेश्वरला रांग, पंचवटीत धक्के, आणि मिसळीबद्दलचं माझं मत विचारू नका, ताई रागावते.

तिसऱ्या दिवशी एकटाच देवळाली कॅम्पला सटकलो. खंडोबाची टेकडी उतरून टपरीवर चहा सांगितला, तेवढ्यात लांबून धडाम्. मी आभाळाकडे बघितलं. टपरीवाले काका हसले. "पाऊस नाही हो. रेंजवर पोरं फायरिंग शिकतायत." फाळणीच्याही आधी तोफखान्याची शाळा आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून इथे आली, तेव्हापासून गावाच्या कानांना हे सवयीचं. काका स्वतः तोफखान्यातले निवृत्त हवालदार.

मला शहाणपणा सुचला. "तुमच्या तोफा मागे, लांब. खरी मारामारी पायदळाची ना?"

काकांनी गॅस बारीक केला. आता चहा लवकर मिळणार नाही, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"उमरावसिंग ऐकलाय?"

नव्हता ऐकला. हरियाणातल्या पालडा गावचा, काकांसारखाच तोफखान्यातला हवालदार. डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कलादानचं खोरं. जपान्यांनी दीड तास तोफा आणि मॉर्टरनी भाजून काढलं, मग पायदळाच्या निदान दोन कंपन्या अंगावर घातल्या. ग्रेनेडनी दोनदा जखमी झाला, तरी हा मशीनगन चालवतोच आहे. पोरं एकेक करून पडली, गोळ्याही संपल्या.

"मग तोफेच्या सामानातली लोखंडी दांडी घेतली. अशी." काकांनी सांडशी उचलून हवेत फिरवली. बाकावरचा रिक्षावाला सरकून बसला. "सहा तासांनी सापडला. बेशुद्ध. डोक्याला सात मोठ्या जखमा, भोवती दहा जपानी मरून पडलेले."

"मागे यायचं ना, गोळ्या संपल्यावर?"

"तोफ सोडून?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी बिस्किटाचा पुडा फोडायला घेतला. "पलटणीला निशाण असतं. आमचं निशाण म्हणजे तोफच."

व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला; दुसऱ्या महायुद्धात भारतीय तोफखान्यातला एकमेव. पुढे पदक विकत घ्यायला लोक आले, त्याने विकलं नाही. २००५ मध्ये गेला.

"आणि ती तोफ?" मी विचारलं.

"धड होती. त्याच दिवशी परत फायर केली." काकांनी पातेल्यात डोकावलं. चहाचा पार काढा झाला होता. "थांबा, दुसरा टाकतो."