सोळा आणि अकरा

"साहेब, दोन मिनिटं. मोजतोय." मिस्त्री गाडीखालून बाहेरच येईना. वाकून पाहिलं तर पठ्ठ्या टाय रॉडवरचे (स्टिअरिंगनुसार चाक वळवणाऱ्या दांड्यावरचे) आटे मोजत होता! डावीकडे सोळा, उजवीकडे अकरा.

चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश आणि टाय रॉड एंड नवे बसवले होते. आता पलीकडच्या दुकानात अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवणं, उरकून घरी, असा माझा हिशोब. म्हटलं, "अहो, ते कॉम्प्युटरवर होईलच की."

"होईल ना, टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, बरोबर दाखवेल. पण एक रॉड लांब, एक आखूड राहिला की स्टिअरिंग तरी वाकडं, नाहीतर गाडी एकीकडे जास्त वळणार, दुसरीकडे कमी. मशीन काय, समोर आहे ते मोजतं."

मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बरोबर निम्म्यावर आणलं, दोन्हीकडचे आटे सारखे केले. आर्मचे बोल्ट मात्र ढिलेच. गाडी खाली उतरवली, बॉनेट दाबून चार हेलकावे दिले, आणि मग आवळले. हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं म्हणे. शेवटी चारही टायरची हवा.

पाऊण तास गेला. (चहा त्यानेच पाजला.) पुढचं अलाइनमेंट पंधरा मिनिटांत.

आतापर्यंत दर वेळी सगळे आकडे हिरवे, म्हणजे मापात, असलेला अलाइनमेंटचा कागद हातात घेऊन मी खूश व्हायचो. टायर आतल्या कडेने झिजतच होते. ते कागद अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहेत.

तुमच्याकडे मशीन लावण्याआधी निदान हवा तरी तपासतात का हो?