प्रिंटलाइन

पेपरच्या डेस्कवर सव्वीस वर्षं काढली आणि आता पत्रकारितेच्या वर्गावर शिकवतो, त्यामुळे भेटेल तो हेच विचारतो: "आजकालची पोरं बातम्या इन्स्टावर बघतात, पेपरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. तुम्हाला वाईट नाही वाटत?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

वाटतं. पण पोरांचा राग येत नाही.

2009च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांचे गोडवे गाणारे मजकूर आमच्याकडे यायचे, ते 'जसाच्या तसा लावा' असा निरोप घेऊनच. वर 'जाहिरात' लिहायचं नाही. पुढे पत्रकार पी. साईनाथांनी दाखवून दिलं, की तोच मजकूर शब्दन्‌शब्द वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. पैसे घेऊन छापलेल्या अशा बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या, म्हणजे वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, उपसमितीचा अहवाल 2010मध्ये तयार झाला, पण कौन्सिलने तो तेव्हा पूर्ण प्रसिद्ध केला नाही. मी त्या सगळ्या दिवसांत गप्प बसून पानं लावली. माझ्या वर्गातली आत्ताची मुलं तेव्हा बालवाडीत होती. त्यांना यातलं काही ठाऊक नाही, पण 'पेपरवाले विकले गेलेत' हे घरात ऐकतच ती मोठी झाली आहेत.

मग मोबाइलवर येतं ते खरं मानायचं का? इथे मला राईनपाडा आठवतो. धुळे जिल्हा, साक्री तालुका, 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा रविवार. मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण पोटासाठी भिक्षा मागत तिथवर पोचले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आधीपासून फिरत होते. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने भारतात त्याच महिन्यात आणायला घेतली. पण ते मेसेज मुळात लिहिले कुणी? त्यांच्याखाली कुणाचंच नाव नव्हतं.

म्हणून पहिल्याच तासाला मी मुलांना पेपरची पानं उलटून प्रिंटलाइन शोधायला लावतो. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत: मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापखान्याचा पत्ता. मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापायची सक्ती जुनीच आहे, 1867च्या कायद्यातही ती होती. खोटं छापलं तर कोर्टात कुणाला उभं करायचं, ते या ओळीत असतं. अर्धा वर्ग ही ओळ आयुष्यात पहिल्यांदा वाचत असतो. मग त्यांच्या मोबाइलवरची एक-एक बातमी काढायची आणि तिच्याखाली असं नाव सापडतं का ते बघायचं. बहुतेकदा सापडत नाही आणि मुलं खरोखर अस्वस्थ होतात. त्या अस्वस्थतेवर माझी भिस्त आहे.

गेल्या वर्षी त्यांना 2009चंही सगळं सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, त्या पेपरांतही ही ओळ होती ना?"

होती. रात्री पान छपाईला सोडण्याआधी ती तपासायचं काम माझ्याकडेच होतं.