स्विंडनच्या चौकात शिकलेली गाडी: ब्रिटनच्या ड्रायव्हिंग टेस्टचा माझा अनुभव

पुण्यात कितीही वर्षं गाडी चालवलेली असो, ब्रिटनमध्ये राहायला आल्यावर भारतीय लायसन्स चालतं ते फक्त 12 महिने. ते देऊन इथलं बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, मग थिअरी, मग प्रॅक्टिकल, हाच रस्ता. मी यातून गेले आहे. नवीन आलेले ओळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

थिअरीला 50 पैकी 43 उत्तरं बरोबर यावी लागतात आणि हॅझर्ड परसेप्शनला, म्हणजे व्हिडिओ बघून धोका ओळखायच्या भागाला, 75 पैकी 44 गुण. दोन्ही एकाच वेळी पास व्हावं लागतं. हायवे कोड, म्हणजे इथलं वाहतुकीच्या नियमांचं सरकारी पुस्तक, मन लावून वाचलं की हे जमतं.

खरी परीक्षा जंक्शनवर असते. लोक नापास होतात त्या कारणांत जंक्शनवर नीट न बघणं कायम सगळ्यात वर असतं. आपल्याकडून आलेल्यांना हे विशेष लागू आहे, कारण क्लच-गिअर आपल्याला शिकायचे नसतात. आपल्याला शिकायचं असतं ते थांबायचं कुठे, कुणासाठी आणि निघायचं कधी.

मी इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात राहते. इथे गोव्याची मंडळी भरपूर, आणि मला शिकवणारे सर मूळचे म्हापशाचे. कोंकणी-मराठी मिसळून बोलायचे. गाडीवर थोडा हात बसल्यावर ते मला थेट मॅजिक राउंडअबाउटवर घेऊन गेले. काउंटी ग्राउंड या फुटबॉलच्या मैदानाजवळ 1972 मध्ये बांधलेलं हे जंक्शन म्हणजे पाच छोटे राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालून जायचे गोल चौक, एका मोठ्या वर्तुळात मांडलेले. छोट्यांभोवती गाड्या नेहमीसारख्या घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि मधल्या वर्तुळाभोवती उलट्या. नकाशात बघितलं तर डोकं गरगरतं.

सर म्हणाले, "अगो, सगळं चक्र बघू नको. तुझ्या पुढची पांढरी रेघ बघ. उजवीकडून कोण येतंय? नाही? मग चल. आता पुढची रेघ." खरंच तेवढंच आहे ते. तुटक पांढऱ्या रेषेशी वेग कमी करायचा, उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचं, जागा मिळाली की न रेंगाळता शिरायचं, आणि बाहेर पडलं की लगेच पुढची रेघ. पाच रस्त्यांचा गुंता एकेका रेषेचा होतो. पुढे कुठलाही राउंडअबाउट मला अवघड वाटला नाही.

गल्लीबोळातल्या मिनी राउंडअबाउटकडे मात्र फार लोक दुर्लक्ष करतात. रस्त्यावर नुसता पांढरा ठिपका रंगवलेला असतो, म्हणून त्यावरून सरळ गाडी नेतात. त्याला वळसा घालायचाच असतो. सूट आहे ती ज्यांना वळताच येत नाही अशा मोठ्या वाहनांना.

ज्या चौकात रेघही नाही आणि पाटीही नाही, तिथला नियम आपल्याकडच्यापेक्षा वेगळा आहे. भारतात अशा ठिकाणी उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. इथे कुणाचाच हक्क पहिला नसतो. म्हणून वेग कमी ठेवायचा, दोन्ही बाजूंना बघायचं आणि समोरचा थांबेलच असं धरून चालायचं नाही.

अष्टकोनी स्टॉपची पाटी असेल तर रस्ता मोकळा दिसत असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. पिवळ्या जाळीच्या बॉक्स जंक्शनमध्ये पलीकडे जागा असल्याशिवाय शिरायचं नाही. फक्त उजवीकडे वळताना समोरून येणाऱ्या गाड्यांमुळे अडलात, तर आत थांबता येतं. आणि जानेवारी 2022 पासून, आपण ज्या रस्त्याला वळतोय तो ओलांडायला कुणी कडेला उभं असेल, तर आपण थांबून त्याला जाऊ द्यायचं. पुण्याहून आलेल्यांनी हे शब्दशः पाठ करावं. माणूस रस्त्यात उतरलेला असायची गरज नाही, तो कडेला थांबलेला असला तरी थांबायचं.

दोन सवयी मुळापासून काढा. सरळ जायचं म्हणून चौकात चारही इंडिकेटर लावायचे नाहीत. बाजूने येणाऱ्याला त्यातला एकच दिसतो आणि आपण वळतोय असं त्याला वाटतं. हे तिकडेही चूकच आहे. दुसरी सवय अप्परची. हायवे कोडप्रमाणे हेडलाइट मारणं म्हणजे फक्त "मी इथे आहे" एवढंच. समोरच्याने लाइट मारला म्हणून स्वतः न बघता वळू नका.

आता गैरसमजांबद्दल. "हळू चालवलं की पास करतात" हा सगळ्यात घातक. जागा असूनही राउंडअबाउटच्या तोंडाशी ताटकळत राहिलात तर ती चूक धरली जाते. टेस्टमध्ये जवळजवळ 20 मिनिटं तुम्हाला सॅटनॅव्ह (रस्ता सांगणारं जीपीएस) किंवा पाट्या बघून स्वतःच्या मनाने गाडी चालवायची असते. त्यात रस्ता चुकला तर कुणी नापास करत नाही. चुकीच्या लेनमध्ये असाल तर ऐनवेळी गाडी घुसवू नका, त्या लेनने सुरक्षित पुढे जा. परीक्षक परत रस्त्याला लावतात. गाडी बंद पडली, स्टिअरिंगवर हातावर हात आले, तरी तेवढ्याने कुणी नापास होत नाही. गाडी ताब्यात असली पाहिजे. छोट्या चुका 15 पर्यंत चालतात, गंभीर एकही चालत नाही. आणि परीक्षकांना रोज ठराविक लोकांना नापास करावं लागतं ही तर निव्वळ अफवा. ती ऐकून चांगली गाडी चालवणारी माणसंही घाबरून टेस्टला जातात, याचं मला वाईट वाटतं.

ऑटोमॅटिकवर टेस्ट द्यायची की मॅन्युअलवर, हे आधीच ठरवा. ऑटोमॅटिकवर पास झालात तर मॅन्युअल गाडी चालवता येत नाही.

थिअरीचं सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं आणि प्रॅक्टिकलच्या तारखा बऱ्याच ठिकाणी महिनोन्‌महिने मिळत नाहीत. त्यामुळे थिअरी पास झालात की त्याच दिवशी सरकारी वेबसाइटवर जाऊन तारीख घ्या. कामाच्या दिवशी 62 पौंड पडतात, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी 75. याहून जास्त मागणाऱ्या मधल्या माणसांच्या नादी लागू नका.