कुम्मटदुर्गला जाणार असाल तर हे आधी वाचा

हंपीचे चार दिवस मस्त गेले, त्यावर सगळेच लिहितात. मला बघायचं होतं विजयनगरच्या आधीचं, कंपिलदेव राजाचं कंपिलीचं राज्य, आणि नाव बघून मी सरळ कंपली गावात गेलो, अर्धा दिवस फुकट. कंपिलदेवाचा लढाऊ किल्ला कुम्मटदुर्ग, तो तुंगभद्रेच्या पलीकडे कोप्पळ जिल्ह्यात आहे. गंगावतीहून जा.

रिक्षावाला 700 म्हणाला, वर "पार किल्ल्यापर्यंत वाट आहे" असंही म्हणाला आणि डोंगराच्या भलत्याच अंगाला सोडून मोकळा झाला. परतताना थांबल्याचे म्हणून 1500 घेतले, भर उन्हात दुसरं वाहन नाही, देतो काय करतो. जाऊन-येऊन-थांबून एकच भाडं ठरवा, आणि वाट गावातल्या गुराख्याला विचारा, दुसऱ्या कोणाला नको.

आता मधला टप्पा. सह्याद्रीची सवय इथे कामाची नाही, कातळात खोदलेल्या पायऱ्या वगैरे विसरा. गोल गुळगुळीत धोंड्यांवर धोंडे, फटी काटेरी झुडपांनी झाकलेल्या, पाय टाकला की खाली पोकळ. तासभर मी यात अडकलो, दोन्ही हात सोलले. फटीत हात घालू नका, या भागात अस्वलं आहेत म्हणून संध्याकाळच्या आत खाली या.

पण तिथेच बसून कळलं की दिल्लीची फौज आधी दोनदा मागे कशी फिरली असेल. देवगिरीचे यादव खचले तसं हे राज्य वर आलं, जेमतेम दोन पिढ्या टिकलं. महंमद तुघलकाचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प बंड फसल्यावर इथे आसऱ्याला आला आणि कंपिलदेवाने त्याला सुलतानाच्या हाती दिलं नाही, दक्षिणेतल्या होयसळ राजा बल्लाळाकडे पाठवलं. 1327 मध्ये फौजेच्या तिसऱ्या स्वारीत बायकांनी अग्निप्रवेश केला, राजा लढत पडला. आणि त्या बल्लाळाने पाहुणा सुलतानाला देऊन टाकला! मला हे वाचून माहीत होतं, तरी वर कंपिलदेवाचा मुलगा कुमारराम याच्या देवळापाशी पोचल्यावर गळा दाटून आला.

तटाचे तुकडे सोडून बघायला फार नाही, फोटोसाठी जाणार असाल तर जाऊच नका. बाकीच्यांनी हंपीतला एक दिवस कापून जा. डिसेंबर-जानेवारी, पहाटे निघायचं, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि माणशी तीन लिटर पाणी. मी दोन नेलं होतं, उतरताना संपलं.