तवसाळची बोट चुकली

काल आम्ही चौघं, दोन बाइक. दाभोळला फेरीबोटीत चढलो आणि वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला. नाहीतर चिपळूणचा लांबलचक वळसा! बोटीत शेजारी एक मावशी, मांडीजवळ मासळीची टोपली. ओलं फडकं बाजूला करून म्हणाल्या, "डोळे बघ बांगड्याचे, सकाळचाच हाय." घेऊन शिजवणार कुठे, म्हणून नुसते बघितले. अजून हळहळतोय.

हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे समुद्राकाठच्या खडकातल्या अरुंद भेगेत, पाणी उसळलंच नाही. भरतीची वेळ न बघता गेलो, दुसरं काय होणार! आणि तवसाळला पोहोचतोय तोच जयगडची बोट डोळ्यांदेखत सुटली. मग शास्त्री नदीच्या काठी धक्क्यावर बसलो, खाऱ्या शेंगदाण्याच्या एका पुडीवर चौघं.